रडू आलं ते पान कोणतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. मोठं होऊ लागलेल्या मुलाची कादंबरी वाचली, आतून हललो, आता त्याबद्दल लिहायचं कसं, बोलायचं कसं, दुसऱ्याच्या हातात ते पुस्तक द्यायचं कसं. निम्म्याहून जास्त पत्रं मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'बद्दल आहेत, म्हणून उत्तरांतही तीच जास्त येईल.

प्रश्न : 'शाळा' मी वयाच्या ४८व्या वर्षी पहिल्यांदा वाचली. शेवटाकडे डोळे सारखे भरून येत होते. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तिच्यावर ८०० शब्द लिहायचे आहेत. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा गोष्टच सांगून झाली आणि शेवटी 'अप्रतिम कादंबरी' एवढंच उरलं. मला जे वाटलं ते कागदावर येतच नाही. (एक वाचक, मिरज)

उत्तर : लिहिणं दोन दिवस बंद ठेवा आणि पुस्तक पुन्हा हातात घ्या. सगळं वाचायचं नाही. जिथे तुम्ही थांबलात, मान वर करून खिडकीबाहेर बघितलंत, तेवढी पानं शोधायची. वाचनालयाची प्रत असेल तर पेन्सिल लावू नका. जुन्या कॅलेंडरच्या सहा-सात पट्ट्या कापा आणि त्या पानांत घाला. प्रत्येक पट्टीवर दोनच गोष्टी लिहा : पान क्रमांक, आणि त्या पानावर नेमकं काय घडतं ते एका ओळीत. 'फार हृदयस्पर्शी' असं पट्टीवर लिहिलंत तर चार दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही की तिथे होतं काय.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यांच्या अलीकडची पाच-सहा पानं वाचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं हुकतं. रडू ज्या पानावर येतं त्या पानावर त्याचं कारण फार क्वचित असतं. कारण आधी कुठेतरी, हसताहसता, पेरून ठेवलेलं असतं. 'शाळा'त तर हे फारच आहे. सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि गोष्ट सांगणारा मुकुंद या मित्रांच्या टवाळक्या वाचताना आपण हसत असतो, त्यामुळे सावध नसतो. नंतर जे लागतं ते त्या बेसावधपणामुळे.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा : हे सांगणारा किती वर्षांचा आहे? अशा कादंबऱ्यांत सगळी किल्ली इथे असते. 'श्यामची आई'मधला श्याम मोठा झालेला आहे. तो आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री, अशा ४२ रात्री, आईच्या आठवणी सांगतो. आई आता नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून लहानपणीच्या साध्या चुकीवरही पश्चात्तापाची सावली पडते. आपण रडतो ते त्याच्याबरोबर. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा. दुःख फार जवळ येऊ नये म्हणून तो 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'ची कुंपणं घालत बोलतो. त्याची धाकटी बहीण मनी जाते तेव्हा ती कुंपणं पुरत नाहीत आणि वाचक कोसळतो. 'शाळा'तला मुकुंद मात्र मुलाच्याच वयातून, मुलाच्याच भाषेत बोलतो. पुढे काय होणार हे त्याला माहीत नाही आणि तुम्हाला, ४८ वर्षांच्या वाचकाला, त्याचा वास आधीच येतो. तुमचे डोळे भरले ते त्या अंतरामुळे. चौदाव्या वर्षी हीच कादंबरी वाचली असतीत तर कदाचित नुसती उत्सुकता वाटली असती. तुमच्या लेखाचा विषय तुमच्या पत्रातच आहे. पहिल्यांदा वाचली ती ४८व्या वर्षी, हे लिहा.

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे. बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात अशी वाक्यं असतात : 'लेखकाने पौगंडावस्थेतील हळुवार भावविश्व समर्थपणे उभे केले आहे. वाचताना मी माझ्या शालेय जीवनात हरवून गेले.' ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात, म्हणून ती या पुस्तकाची नाहीत. त्यांच्या जागी एखादी हाताला लागणारी गोष्ट घ्या. नमुना म्हणून असं काही :

'मुकुंदला जी मुलगी आवडते ती जवळजवळ पुस्तकभर शिरोडकरच आहे. आमच्याही वर्गात मुली आडनावानेच ओळखल्या जायच्या, त्यामुळे बरीच पानं मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. मग लक्षात आलं, हजेरी ज्या नावाने घेतात त्याच नावावर हा मुलगा सगळा जीव लावून बसलाय. वेगळ्या नावाने हाक मारण्याइतकी जवळीक त्याला मिळणार तरी कुठून?'

यात गोष्ट सांगितलेली नाही, लेखकाची पाठ थोपटलेली नाही, 'रडू आलं' हा शब्दही नाही. तरी लिहिणाऱ्या बाईंना काय झालं ते कळतं.

८०० शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा. पुस्तकाची ओळख १०० ते १२० शब्द. नववीतला मुलगा, काळ आणीबाणीचा, नरूमामासारखा एखादाच मोठा माणूस ज्याच्यापाशी मन मोकळं करता येतं, एवढं पुरे. हवं तर एका वाक्यात सांगा की मॅट्रिक आधी अकरावीला असे आणि दहावीची शालान्त परीक्षा १९७५पासूनची, म्हणजे या मुलांसमोर ती नवीच होती. मग दोन जागा, प्रत्येकी २५० शब्द. तीन घेऊ नका, तिसरी नेहमी घाईत आटोपली जाते. तुमच्या स्वतःच्या शाळेसाठी १०० शब्द, त्याहून जास्त नाही, आणि तेही दुसऱ्या जागेनंतर. स्वतःच्या आठवणीने सुरुवात केली की पुस्तक मागे पडतं आणि मग शेवटी घाईने 'अशीच ही कादंबरी' असं म्हणावं लागतं. उरलेल्या ८०-१०० शब्दांत जे पटलं नाही किंवा कळलं नाही ते लिहा.

कादंबरीतली वाक्यं उद्धृत करायची तर दोनच, छोटी, आणि पुस्तकात बघून अक्षर न् अक्षर तसंच. मुलांच्या तोंडची भाषा 'शुद्ध' करू नका. 'इचिभना'ला सभ्य पर्याय दिलात तर मुकुंदच नाहीसा होतो. पान क्रमांकाबरोबर आवृत्ती लिहा, कारण २००४च्या पहिल्या आवृत्तीनंतर पुष्कळ आवृत्त्या निघाल्या आणि पानं इकडेतिकडे होऊ शकतात.

छापायला देण्याआधी दोन चुका शोधा. एक, 'बोकील म्हणतात' असं जिथे लिहिलंय तिथे खरं तर 'मुकुंद म्हणतो' हवंय का? मुलगा जे बोलतो ते लेखकाचं मत असेलच असं नाही. दोन, सिनेमा. २०१२ साली सुजय डहाके यांचा 'शाळा' चित्रपट आला. तो ज्यांनी आधी पाहिलाय त्यांच्या लेखात पुस्तकात नसलेल्या जागा शिरतात. प्रत्येक प्रसंगाचं पान सापडतंय ना, बघा. सापडलं नाही तर तो प्रसंग काढून टाका.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. 'शाळा' सगळ्यांना आवडते, मला मात्र वाचताना सारखं वाटत राहिलं की शिरोडकरला काय वाटत होतं? मुलं तिच्यामागे, तिच्या वाटेवर डोळे लावून, 'लाइन देते की नाही' याचे हिशेब करत. तिचं मन कुठेच नाही. हे लिहिलं तर लोक म्हणतील तुला कादंबरीच कळली नाही. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्यावर आम्हाला आलेल्या कौतुकाच्या लेखांपेक्षा चांगला लेख होईल. फक्त तक्रार कुठे करायची ते नीट ठरवा. 'लेखकाने स्त्रीपात्राकडे दुर्लक्ष केले' असं एका वाक्यात म्हटलंत तर उत्तर तयारच आहे : सांगणारा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, त्याला तिच्या मनातलं कळणार कसं? आणि ते उत्तर बरोबरही आहे. म्हणून पुढे जा. मुलाला दिसत नाही हे ठीक, पण त्याच्या पाठीमागून वाचकाला काही दिसतं का?

हे तपासायची एक रीत आहे, तीन-चार तास लागतात. दोन रंगांच्या पट्ट्या घ्या. शिरोडकर स्वतः बोलते किंवा स्वतःहून काही करते, तिथे एक रंग. मुकुंद तिच्याबद्दल अंदाज बांधतो, तिथे दुसरा. शेवटी पुस्तक मिटून वरून बघा. दुसरा रंग भरपूर असणार, त्यात नवल नाही. पण पहिल्या रंगाची पानं एकेक उघडा आणि बघा, ती जे बोलते त्याचा मुकुंदने लावलेला अर्थ आणि तुम्हाला लागणारा अर्थ एकच आहे का? एखाद्या ठिकाणी जरी वेगळा निघाला, तरी लेखकाला मुलापेक्षा जास्त माहीत आहे आणि त्याने ते तुमच्यासाठी फटीतून ठेवलं आहे. कुठेच निघाला नाही, तर तुमची तक्रार पक्की झाली. पुराव्याची तीन पानं देऊन ठामपणे लिहा.

आणखी एक धागा सुचवतो. मुकुंदच्या घरात मोठी बहीण आहे, जिला तो मनातल्या मनात अंबाबाई म्हणतो. घरातल्या मुलीचं बोलणं, चिडणं, मत असणं त्याला रोज दिसतं. वर्गातली मुलगी दिसते ती लांबून. या दोन नजरा शेजारीशेजारी ठेवून लिहा. आमच्या मते कादंबरीतली ही फार श्रीमंत जागा आहे आणि तिच्याकडे वाचक भराभर पानं उलटत निघून जातात.

लोक काय म्हणतील याची काळजी करू नका. पण 'मला आवडली नाही' आणि 'मला इथे कमी पडली' यांतलं दुसरं लिहा, कारण तुमच्या पत्रावरून तेच खरं दिसतंय.

प्रश्न : लंपनची पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचायची? आणि कादंबरी म्हणून त्यांच्यावर स्पर्धेसाठी लिहिता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : प्रकाश नारायण संत यांच्या लंपनचा क्रम असा : 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१), आणि २००३ साली ते गेल्यानंतर आलेलं 'झुंबर'. याच क्रमाने वाचा. मधूनच सुरुवात केली तरी कथा कळतात, पण मुलगा वाढताना दिसत नाही, आणि या पुस्तकांचा जीव तर तिथेच आहे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारं लहान मूल सुरुवातीला भेटतं. सुमीशी त्याचं जे काही आहे त्याला त्याच्याजवळ शब्द नाही, म्हणून तो सरसकट 'मॅडसारखं' म्हणून मोकळा होतो. पुढच्या पुस्तकांत ते 'मॅड'पण बदलत जातं. त्या एका शब्दाचा पाठलाग केलात तरी लेख होईल.

हे कथासंग्रह आहेत, कादंबरी नाही. स्पर्धेच्या नियमात 'कादंबरी' असा शब्द असेल तर आयोजकांना आधी विचारा. परवानगी मिळाली तरी चारही पुस्तकं एका लेखात कोंबू नका. एक कथा घ्या. तुम्ही निपाणीचे, म्हणजे या कथांच्या मराठीत मिसळलेलं कानडी तुमच्या कानाला परकं नाही. पुण्या-मुंबईचा वाचक ज्या शब्दावर अडखळतो तिथे तुम्हाला घरचं माणूस बोलल्यासारखं वाटत असेल. तेच लिहा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक १३ वर्षांची आहे, मराठी बोलते, पण वाचायचा कंटाळा करते. 'शाळा' तिला द्यावी असं फार वाटतं. तिला झेपेल का? (एक आई)

उत्तर : हातात देऊ नका, वाचून दाखवा. आणि 'शाळा'च्या आधी लंपनची एखादी कथा घ्या. 'शाळा'त मुलांच्या शिव्या आहेत, मुलींबद्दलची त्यांची बोली आहे, आणि आणीबाणीचे संदर्भ मोठ्यांच्या बोलण्यातून ओझरते येतात. १३ वर्षांच्या मुलीला यातलं काहीच वाईट नाही, पण तुम्ही स्वतः पुस्तक पुन्हा एकदा वाचून घ्या, म्हणजे मोठ्याने वाचताना मध्येच अवघडून थांबायची वेळ येणार नाही. मूल गोष्टीपेक्षा तुमचं अवघडणं जास्त लक्षात ठेवतं.

एका बैठकीला २० मिनिटं. मोठ्याने, न घाई करता, साधारण आठ पानं होतात. आठवड्यातून तीनदा जमलं तर उत्तम. प्रत्येक अडलेल्या शब्दावर थांबू नका. एका बैठकीत जास्तीत जास्त पाच शब्द सांगा, बाकीचे संदर्भाने कळतात किंवा पुढे कधीतरी कळतात. 'ऑफ तास', 'शिपाई', 'तुकडी' असे शब्द मात्र आधीच गप्पांत सांगून ठेवा, कारण तिच्या शाळेत तसलं काही नाही आणि तिथे चित्रच उभं राहणार नाही. 'नववी अ' म्हणजे काय, वर्गात मुलं एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला का, हे तिला विचारू द्या. आणीबाणीबद्दल तिने विचारलं तर तीन वाक्यं पुरेत : २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकलं, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मोठी माणसं घरात हळू आवाजात का बोलतात ते तिला मग आपोआप उमगेल.

सगळ्यात महत्त्वाचं, वाचून झाल्यावर 'तुला यातून काय शिकायला मिळालं' हा प्रश्न विचारू नका. हा प्रश्न आला की गोष्टीचा धडा होतो. त्याऐवजी 'उद्या काय होईल गं?' एवढंच विचारा. ती चुकीचं उत्तर देईल, आणि दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते ऐकायला स्वतःच येऊन बसेल. आजी इकडे असतील तर रविवारचं वाचन व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडे द्या. बोलीचा हेल त्यांच्या आवाजात जसा येतो तसा सरावाने आणता येत नाही.

दहा बैठकींनंतरही ती जांभया देत असेल तर पुस्तक मिटा आणि कपाटात दिसेल असं ठेवा.

प्रश्न : आमच्या दहा जणींच्या वाचनगटात 'शाळा' घेतली. दहा मिनिटांत चर्चा आपापल्या शाळेवर गेली आणि दोन तास तिथेच राहिली. मजा आली, पण पुस्तक राहून गेलं. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आठवणी दाबू नका, त्यांना वेळ ठरवून द्या. शेवटची २५ मिनिटं फक्त आठवणींची. त्याआधी नियम एकच : बोलायचं तर पान उघडून. प्रत्येकीने घरून एक जागा ठरवून आणायची, चार-पाच ओळी मोठ्याने वाचायच्या, मग त्या जागेबद्दल तीन मिनिटं बोलायचं. तिच्यावर इतरांनी दोन मिनिटं. वाचून दाखवण्यासह प्रत्येकीला सहा मिनिटं धरली तर दहा जणींचा एक तास होतो. दोघींनी एकच जागा आणली तर बदलायला लावू नका, दोघींना लागोपाठ बोलू द्या. एकाच ओळीवर एक हसली आणि दुसरी रडली, असं हमखास निघतं, आणि तिथे चर्चा खरी पेटते.

दोन तासांत सगळी कादंबरी होत नाही. दोन बैठकी ठेवा, पुस्तक मधोमध तोडा. पहिल्या बैठकीला ज्यांनी पुढचं वाचलं असेल त्यांनी पुढचं सांगायचं नाही हे आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : लेखात शेवट सांगावा की नाही? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी लिहीत असाल तर सांगू नका. शेवटाच्या दोन प्रकरणं आधीच थांबा. पण तुमचा मुद्दाच शेवटावर उभा असेल तर आडवळणाने सुचवत बसू नका, ते वाचणाऱ्याला जास्त त्रासदायक होतं. लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहा, 'यात शेवटाबद्दल बोललं आहे', आणि मग मोकळेपणाने लिहा.